डाव्या आसनाची वाट

गेल्या चातुर्मासात मुंबईच्या एका उपनगरात आमचे कीर्तन होते. कीर्तन आटोपून मंडळी पंगतीला बसली, तेव्हा यजमानीणबाई आपल्या मुलाला पुढे घालून आमच्यापाशी आल्या. "बुवा, याला जरा आशीर्वाद द्या. विमान चालवतो. पण कॅप्टन व्हायचं याचं अडून राहिलंय," असे त्या म्हणाल्या. मुलगा तिशी ओलांडलेला, अंगाने सडसडीत, आईच्या बोलण्याने जरासा ओशाळलेला. आम्ही त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारले, "काय अडलंय रे बाळ? परीक्षा राहिली का?" तो हसून म्हणाला, "परीक्षा झाल्यात महाराज. अडलंबिडलं काही नाही. नंबर यायचाय."

नंबर यायचाय! हे शब्द आपल्या ओळखीचे आहेत. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, दर्शनबारीत ते आपण सर्वांनी ऐकले आहेत व उच्चारलेही आहेत. परंतु तीस-पस्तीस हजार फूट उंचीवरून शेदोनशे माणसे घेऊन जाणाऱ्या माणसालाही रांगेत उभे राहावे लागते, हे आम्हांस नवे होते. त्या रात्री आमचा मुक्काम तेथेच होता. तो मुलगा आमच्या अंथरुणापाशी बसून बराच वेळ बोलला, आणि पुढेही दोन-तीनदा भेटून त्याने आमच्या शंका फेडल्या. त्यातून जो विचार मनात घोळत राहिला तो वाचकांपुढे ठेवीत आहोत. विषय विमानाचा दिसला म्हणून कोणी पान उलटू नये, एवढीच विनंती.

प्रथम त्या धंद्याची रीत सांगितली पाहिजे. प्रवासी विमानाच्या तोंडाशी दोन आसने असतात. डावीकडे कॅप्टन बसतो, उजवीकडे सहवैमानिक. आपल्यासारख्यांची समजूत अशी की डावीकडचा चालवतो आणि उजवीकडचा नुसता बघतो. तसे नाही. जाताना एकाने चालवायचे, येताना दुसऱ्याने, असे बहुधा चालते. परवाना दोघांनाही असतो व ठराविक काळाने परीक्षाही दोघांची होते. मात्र विमानाचा, आतल्या माणसांचा आणि शेवटच्या निर्णयाचा भार डावीकडच्याच्या डोक्यावर. त्याच्या खांद्यावर चार पट्ट्या, याच्या खांद्यावर तीन. आपल्या देशात धंदेवाईक परवाना २०० तासांच्या उड्डाणाने मिळतो आणि कॅप्टन होण्यास लागणारा वरचा परवाना १५०० तासांनी. हे तास काही वर्षांत भरतात. त्यापुढे जी वाट पाहायची, ती तासांची नसते, जागेची असते. "चौथ्या पट्टीसाठी किती वर्षं गेली बघा," असे म्हणून त्याने आपला खांदा चाचपला. अंगावर तेव्हा साधा सदरा होता.

या वाट पाहण्याचा कायदा अमेरिकेत जितका कडक तितका बहुधा कोठे नसेल. तेथील मोठ्या कंपन्यांत माणूस ज्या दिवशी नोकरीस लागला त्या दिवशी त्याला यादीत एक क्रमांक मिळतो. एकाच दिवशी दहाजण लागले तर कोठे वयाने, कोठे चिठ्ठ्या टाकून त्यांचा क्रम लावतात. त्यानंतर विमान कोणते, राहायचे कोणत्या गावी, महिन्यात कोणत्या फेऱ्या, दिवाळीसारख्या सणाला (त्यांचा नाताळ) सुट्टी कोणाला, आणि डावे आसन केव्हा, हे सगळे त्या क्रमांकावर ठरते. पुढचा निवृत्त झाला की मागचे सारे एकेक पायरी वर सरकतात. कंपनीवर वाईट दिवस आले तर शेवटच्या क्रमांकापासून माणसे घरी बसवतात आणि बोलावताना उलट क्रमाने बोलावतात. आपल्याकडे एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स सरकारच्या होत्या तेव्हा त्यांतही सेवाज्येष्ठतेची यादी होती. खाजगी कंपन्यांत हे बंधन कोठे घट्ट, कोठे सैल. तेथे बाहेरचा अनुभवी कॅप्टन थेट डाव्या आसनावर आणूनही बसवतात, आणि मग उजवीकडे वाट पाहणाऱ्याच्या पोटात दुखते.

हे ऐकल्याबरोबर आमच्यातला पाठशाळेतला विद्यार्थी जागा झाला. आम्ही म्हणालो, "बाळ, हा तर शुद्ध अन्याय आहे. आपल्याकडे ज्येष्ठपण कशाचे, हा विचार फार पूर्वी झालेला आहे. जनकाच्या दारावर अष्टावक्राला द्वारपालाने अडवले. आत वृद्धांनाच प्रवेश आहे, पोरांना नाही, असे तो म्हणाला. तेव्हा त्या मुलाने उत्तर दिले की केस पिकल्याने कोणी वृद्ध होत नाही. मग तुमच्यात जो अधिक चांगला चालवतो त्याला आधी बसवावे की जो आधी आला त्याला?"

तो म्हणाला, "महाराज, तुमचं खरं आहे. पण चांगला कोण, हे ठरवायचं कोणी?"

"वरचा अधिकारी ठरवील."

"आणि त्या अधिकाऱ्याला गेल्या महिन्यात ज्यानं नाही म्हटलं असेल त्याचं काय?"

येथे आम्ही गप्प बसलो, आणि त्याने जे समजावून दिले ते वाचकांनी नीट ऐकावे. विमान जागेवर उभे राहिले की कंपनीचा पैसा जातो. पुढे वादळ आहे, किंवा यंत्रात एक बिघाड दाखवतो आहे, किंवा आपण स्वतः थकलो आहोत, अशा वेळी "मी नेणार नाही" असे म्हणणे हे वैमानिकाचे कर्तव्य असते. अधिक इंधन मागणे हेही कर्तव्यच, मग त्याने खर्च वाढला तरी चालेल. आता ज्याची बढती साहेबाच्या मर्जीवर, तो हे "नाही" कसे म्हणणार? एकदा म्हणेल, दुसऱ्यांदा घरच्या हप्त्यांची आठवण होईल. क्रमांक हा कोणाच्या मर्जीने पुढे जात नाही व मागेही येत नाही. म्हणून क्रमांकवाला निर्भयपणे "नाही" म्हणू शकतो. अमेरिकेतील वैमानिकांनी १९३१ साली आपली संघटना उभी केली. पुढे मालकांशी झालेल्या करारांत या यादीला स्थान मिळाले, ते काही म्हाताऱ्यांचा मान राखण्यासाठी नव्हे.

शिवाय, त्याने सांगितले, क्रमांक माणसाला दारापर्यंत आणतो, आत नेत नाही. नंबर आला की कॅप्टनपदाचे वेगळे शिक्षण, मग जमिनीवरच्या खोट्या विमानात, ज्याला सिम्युलेटर म्हणतात, त्यात आग, वादळ, बंद पडलेले इंजिन असे एकेक संकट उभे करून परीक्षा. त्यात जो उतरत नाही तो परत उजवीकडे जातो. म्हणजे लायकी पाहतात. फक्त लायक असलेल्या दोघांत आधी कोण, एवढे तारखेवर सोडतात.

आमच्या मीमांसकांनी एक तत्त्व सांगितले आहे, त्याची आम्हांस त्या रात्री आठवण झाली. जे आधी उपस्थित झाले त्याला त्या वेळी विरोध करणारे कोणी नव्हते, म्हणून ते बलवान, असा एक पक्ष आहे. व्याकरणात मात्र दोन नियम एकमेकांवर आदळले तर पुढचा, म्हणजे नंतर सांगितलेला, बलवान मानतात. एकाच शाळेत सकाळी एक शिकायचे व दुपारी दुसरे. लहानपणी आम्हांस याचे हसू येई, आणि गुरुजींची छडी बसे. आता वाटते की दोन्ही शास्त्रांना एक गोष्ट ठाऊक होती. दोन खरे दावे समोरासमोर आले तर काहीतरी एक क्रम आधीच ठरलेला असावा लागतो. तो भांडणाच्या वेळी ठरवू गेलो तर ज्याचा आवाज मोठा त्याचे खरे होते.

असो. येथवर क्रमांकाची बाजू झाली. पण त्याची किंमतही पाहिली पाहिजे, आणि ती लहान नाही.

पहिली किंमत अशी की हा क्रमांक बरोबर नेता येत नाही. वीस वर्षे एका कंपनीत काढलेला कॅप्टन दुसऱ्या मोठ्या कंपनीत गेला तर यादीच्या तळाशी, काल आलेल्या पोराच्याही खाली. १९९१ साली अमेरिकेत ईस्टर्न आणि पॅन अ‍ॅम या दोन जुन्या नावाजलेल्या विमान कंपन्या एकाच वर्षात बंद पडल्या. त्यांतल्या कित्येकांचे केस डाव्या आसनावर पिकलेले. दुसरीकडे गेले ते उजवीकडे, आणि ज्यांना आपण शिकवावे अशा वयाच्या कॅप्टनांच्या शेजारी बसले. कंपनी वाईट वागवीत असली तरी माणूस ती सोडत नाही, कारण सोडली तर आयुष्याची कमाई शून्य. जी यादी साहेबापासून मोकळे करते तीच कंपनीला बांधून टाकते.

दुसरी किंमत आमच्या वयाच्या माणसांनी अधिक लक्ष देऊन वाचावी. अमेरिकेत प्रवासी विमानाच्या वैमानिकाला साठाव्या वर्षी आसन सोडावे लागे. हा नियम १९५९ साली झाला व १९६० पासून लागू होता. १३ डिसेंबर २००७ रोजी नवा कायदा झाला आणि मर्यादा पासष्ट झाली. विचार करा. यादीच्या शिरोभागी असलेले सगळे पाच वर्षे अधिक बसणार, म्हणजे खालचा प्रत्येकजण पाच वर्षे जागच्या जागी. वरच्यांचे म्हणणे, आमची प्रकृती चांगली आहे, अनुभव आहे, आम्हांस का काढता? खालच्यांचे म्हणणे, आमच्या उमेदीची पाच वर्षे तुम्ही खाल्लीत. दोघेही खरे बोलत होते. आणि ज्याला १२ डिसेंबरला साठ पूर्ण झाले तो घरी गेला. परत यायचेच तर नवा उमेदवार म्हणून, तळाच्या क्रमांकावर. ज्याला १४ डिसेंबरला साठ पूर्ण होणार होते तो मात्र आपल्या जागी राहिला. दोन दिवसांचे अंतर! आपल्या देशातही आता मर्यादा पासष्टच आहे. अमेरिकेत ती सदुसष्ट करावी अशी खटपट अलीकडे झाली, पण २०२४ सालच्या कायद्यात पासष्टच कायम राहिली.

येथे आम्हांस आमचीच एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख लिहिण्याचा आम्हांस अधिकार राहत नाही. एका गावच्या सप्ताहात, गावाचे नाव सांगत नाही, काल्याचे कीर्तन एक वृद्ध महाराज करीत. आम्ही त्या वेळी ऐन चाळिशीत होतो. आमच्याकडे सहाव्या दिवसाचे कीर्तन. सहाव्या दिवशीची गर्दी आणि काल्याची गर्दी यांतला फरक वाचकांस सांगायला नको. महाराजांचा आवाज पुढे पुढे बसत चालला होता, मागच्या बाजूच्या बायाबापड्यांना ऐकू जात नसे, ते नुसते हात जोडून बसत. दरवर्षी निघताना आम्ही त्यांच्या पाया पडत असू व म्हणत असू, "महाराज, तब्येत सांभाळा." ते गेले आणि काल्याचे कीर्तन आमच्याकडे आले, त्याला आता बरीच वर्षे झाली. गेल्या सप्ताहात सहाव्या दिवशी जो तरुण कीर्तनकार असतो त्याने निघताना आमच्या पाया पडून म्हटले, "महाराज, तब्येत सांभाळा." त्यात काळजी किती व चौकशी किती, हे आम्ही चटकन ओळखले. ओळखणारच.

धर्मशास्त्रात एक शब्द आहे, परिवेत्ता. थोरला भाऊ अविवाहित असता जो धाकटा आधी लग्न करतो तो. त्याला दोष सांगितला आहे. पण लोक एक गोष्ट विसरतात की ज्याला ओलांडले त्या थोरल्यालाही तेथे दोषातून सोडलेले नाही. पाठशाळेत आम्हांस याचे कोडे वाटे, की त्या बिचाऱ्याने काय केले? आता वाटते, कदाचित तो दार अडवून बसला होता. थोरला दूर देशी गेला असेल किंवा विरक्त झाला असेल तर धाकट्याला दोष नाही, असे अपवादही सांगितले आहेत. म्हणजे ज्येष्ठाचा मान शास्त्राला हवा आहे, पण धाकट्याचा संसार त्यापायी कायमचा थांबून राहावा हे शास्त्रालाही नको आहे. कोणी म्हणेल, बुवा आपल्याला सोयीचा अर्थ काढतात. काढत असू. पण हा अर्थ आमच्या सोयीचा नाही, हे त्याने लक्षात घ्यावे.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड, आणि तिचे उत्तर आम्हांस सापडलेले नाही. दोन रांगा एक करायच्या तर काय करावे?

समजा, गावात रेशनची दोन दुकाने आहेत. एका दुकानापुढे पहाटे चारपासून लोक उभे आहेत. दहा वाजता कळते की त्या दुकानात माल येणारच नाही. शेजारच्या दुकानात माल आहे, तेथली रांग आठ वाजता लागलेली. तेथला दुकानदार म्हणतो, या, तुम्हांलाही देतो. आता चारवाले कोठे उभे राहणार? ते म्हणतील, आम्ही चार तास अधिक तिष्ठलो, आम्ही पुढे. आठवाले म्हणतील, तुम्ही बंद दुकानापुढे तिष्ठलात. आमच्यामुळे तुम्हांला माल दिसतो आहे, तेव्हा मागे उभे राहा.

अमेरिकेत हे जसेच्या तसे घडले. २००५ साली यूएस एअरवेज ही जुनी, दिवाळ्यात निघालेली कंपनी आणि अमेरिका वेस्ट ही तुलनेने नवी कंपनी एक झाल्या. जुन्या कंपनीतले वैमानिक म्हणाले, नोकरीच्या तारखेने यादी लावा. नवीतले म्हणाले, तुमची कंपनी बुडत होती, तुमच्या तारखेला किंमत काय? प्रकरण जॉर्ज निकोलाऊ नावाच्या लवादाकडे गेले. २००७ साली त्याने निर्णय दिला. मोठी विमाने चालवणारे जुन्या कंपनीचे पाचशेच्या वर वैमानिक सर्वांत वर ठेवले, बाकीच्यांचे प्रमाणात मिश्रण केले, आणि जे कामावरून घरी बसवलेले होते ते तळाशी. त्यामुळे सोळा-सतरा वर्षांपूर्वी नोकरीस लागलेली माणसे काही महिन्यांपूर्वी आलेल्यांच्या खाली गेली. जुन्या कंपनीचे वैमानिक संख्येने अधिक होते. २००८ साली त्यांनी मतदान करून ती संघटनाच बाहेर काढली व दुसरी स्थापली, आणि त्या निर्णयाची अंमलबजावणी होऊ दिली नाही. वर्षानुवर्षे कोर्टकज्जे चालले. एकाच कंपनीची विमाने, एकच गणवेश, पण पूर्वेची यादी वेगळी, पश्चिमेची वेगळी. शेवटी २०१३ साली ती कंपनी अमेरिकन एअरलाइन्समध्ये विलीन झाली, आणि २०१६ साली नव्या लवाद मंडळाने तिन्ही याद्यांची एक यादी केली. तोवर पहिल्या भांडणातले कित्येकजण निवृत्त होऊन गेले होते.

आपल्याकडे फार वेगळे झाले नाही. २००७ साली एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स एक करण्यात आल्या. कागदावर कंपनी एक, पण वैमानिकांच्या संघटना दोन, पगार दोन तऱ्हेचे, कॅप्टन होण्याचे वेगही दोन. एअर इंडियाच्या वैमानिकांचे म्हणणे असे की आम्हांला डावे आसन मिळायला त्यांच्यापेक्षा पुष्कळ अधिक वर्षे लागतात. हे सारे जुळवण्यासाठी सरकारने सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती धर्माधिकारी यांची समिती नेमली. तिचा अहवाल २०१२ च्या जानेवारीत आला. पण त्याच सुमारास बोइंगची नवी ड्रीमलायनर विमाने यायची होती. ती एकत्रीकरणाच्या आधी एअर इंडियाने मागवलेली. त्यांचे शिक्षण इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनाही द्यायचे ठरले, तेव्हा एअर इंडियाच्या वैमानिकांनी मे महिन्यात आजारपणाच्या रजा टाकून काम थांबवले. हा संप अठ्ठावन्न दिवस चालला. शंभराच्या आसपास वैमानिकांना कामावरून काढले, त्यांच्या संघटनेची मान्यता गेली, परदेशची उड्डाणे रद्द झाली. प्रकरण दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेले आणि जुलैच्या आरंभी संप मिटला.

आमच्या तरुण मित्राने आम्हांस विचारले, "महाराज, तुम्ही असता तर कोणाच्या बाजूनं निकाल दिला असता?" आम्ही म्हणालो, रांगेचा निकाल आम्हांस देता येत नाही. रांगेत उभे राहिलेल्याचे श्रम खरे, आणि ज्याचे दुकान उघडे होते त्याची आशाही खरी. यांतल्या कोणालाही आम्ही लोभी म्हणणार नाही. दहा वर्षे ज्याने पुढच्या माणसाच्या पाठीकडे पाहत काढली, त्याच्यापुढे दुसऱ्या रांगेतला एकजण येऊन उभा राहिला तर तो ओरडणारच. साधूही ओरडेल. आमचा आक्षेप एवढाच आहे की ज्याचा या भांडणाशी काहीएक संबंध नाही, तो म्हाताऱ्या आईच्या अंत्यविधीला निघालेला प्रवासी तुम्ही विमानतळावर तिष्ठत ठेवता, आणि त्याच्या रांगेचा विचार कोणी करत नाही. खोट्या आजारपणाचीही आम्हांस चीड येते. संप करायचा तर संप म्हणून करावा. यावर तो काही बोलला नाही. त्याला ते पटले असे आम्ही म्हणणार नाही.

मात्र एका गोष्टीत आम्ही त्याला अडवले. तो बोलता बोलता म्हणाला होता, "उजवीकडे बसणं म्हणजे नुसती वाट बघणं." तेव्हा त्यानेच पूर्वी सांगितलेली हकीकत आम्ही त्याला परत सांगितली. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ नावाच्या बेटावर दाट धुक्यात दोन जंबो विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळली व ५८३ माणसे गेली. त्यांतल्या डच विमानाचा कॅप्टन कंपनीतला फार ज्येष्ठ माणूस, इतर वैमानिकांना शिकवणारा. शेजारच्या सहवैमानिकाची त्या विमानावरील परीक्षा त्यानेच काही काळापूर्वी घेतलेली. कॅप्टन निघण्याची घाई करू लागला तेव्हा सहवैमानिकाने एकदा त्याला थांबवले, की अजून परवानगी आलेली नाही. परवानगीचे बोलणे चालू असतानाच कॅप्टन पुन्हा निघाला. या खेपेस सहवैमानिकाने त्याला अडवले नाही. मागे बसलेल्या यंत्रज्ञाने शंका काढली, की दुसरे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले नाही का? कॅप्टनने ठासून सांगितले, झाले आहे. यंत्रज्ञ गप्प बसला. पुढचे सांगवत नाही.

आम्ही म्हणालो, "बाळ, तो सहवैमानिक एकदा बोलला आणि दुसऱ्यांदा बोलला नाही. त्या दुसऱ्या वेळेसाठीच तुला उजवीकडे बसवलं आहे. याला वाट बघणं म्हणतात का?" अशा अपघातांवरूनच पुढे वैमानिकांना नवे शिक्षण देऊ लागले. धाकट्याने निर्भीडपणे सांगावे आणि थोरल्याने ते ऐकून घ्यावे, हा त्यातला मुख्य पाठ. तो मुलगाच म्हणाला, की धाकट्याला बोलायला शिकवणे सोपे, थोरल्याला ऐकायला शिकवायलाच वेळ लागतो. हे ऐकून आम्ही आमच्या टाळकऱ्यांचा विचार करू लागलो. आमची चाल चुकली तर सांगणारा आता एकही उरलेला नाही. पूर्वी होते.

आणखी एक मौज सांगून हा विषय आवरता घेतो. २०२० सालच्या साथीत अमेरिकेतल्या पुष्कळ ज्येष्ठ वैमानिकांनी पैसे घेऊन लवकर निवृत्ती पत्करली. साथ ओसरताच प्रवासी वाढले, जागा भराभर मोकळ्या झाल्या, आणि ज्या आसनासाठी पूर्वी दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे लागत ते काही कंपन्यांत नव्या माणसाला वर्ष-दोन वर्षांत मिळू लागले. आणि गंमत अशी की २०२३ साली युनायटेडसारख्या कंपनीत कॅप्टनच्या जागा पुकारल्या तर घ्यायला पुरेसे लोक पुढे येईनात! कारण काय? उजवीकडच्यांत जो वर आहे तो आपल्या आवडीच्या फेऱ्या घेतो, सणाला घरी असतो. डावीकडे गेला की तो कॅप्टनांत शेवटचा. मग राखीव म्हणून घरी फोनपाशी बसायचे, रविवारी-सणाला बोलावणे आले की जायचे. म्हणजे वर चढला की पुन्हा तळाशी. त्यापेक्षा खालच्या यादीत वर असलेले काय वाईट, असा त्यांनी हिशेब केला. वाट पाहण्यात जे सुख होते ते मिळण्यात नव्हते, असे कोणी म्हणेल. आम्ही तसे म्हणत नाही. ज्यांना लहान मुले आहेत त्यांनी घरी राहणे पसंत केले, यात आम्हांस वैगुण्य दिसत नाही. पण ज्या गोष्टीसाठी इतकी कोर्टे झाली, इतके संप झाले, ती समोर मांडली असता शेकडो माणसांनी हात मागे घ्यावा, हे पाहून आपण इतकी वर्षे नक्की कशासाठी भांडत होतो असा प्रश्न कोणाला तरी पडला असेल.

गेल्या महिन्यात त्या मुलाचा फोन आला. त्याचा नंबर आला होता. पण जागा दुसऱ्या शहरात होती. आई म्हणते, थांब, इथली मिळेल. बायको म्हणते, जाऊ. आम्ही विचारले, "तू काय म्हणतोस?" तो म्हणाला, "जातो महाराज. मी नाही म्हटलं तर जागा मागच्याला जाईल हे खरं, पण मग मी उजवीकडे बसून राहीन आणि माझ्या मागं कोणीतरी माझ्या पाठीकडे बघत बसेल." सिम्युलेटरच्या परीक्षेची त्याला भीती वाटत होती. तो लपवत नव्हता. आम्ही त्याला पुन्हा आशीर्वाद दिला, या वेळी नंबराचा नव्हे, परीक्षेचा.

मग त्याने विचारले, "आणि महाराज, तुमच्या त्या काल्याच्या कीर्तनाचं काय ठरलं?"

आम्ही म्हणालो, अजून मंडळींशी बोललो नाही. तो हसला, काही म्हणाला नाही. फोन ठेवल्यावर आम्ही कागद घेतला व त्या गावच्या सप्ताहाच्या मंडळींना लिहिले, की यंदा काल्याचे कीर्तन सहाव्या दिवसाच्या महाराजांकडे द्यावे, आणि सहाव्या दिवशी आम्ही उभे राहू. मागच्या बाजूस बसलेल्यांना आमचा आवाज ऐकू जातो का, हेही कोणी खरे कळवावे, असे शेवटी लिहिले. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तोवर ते पत्र तेथे पोचलेले असेल.